धरून ठेवलेली सुरुवात

आमच्या ऑफिसची खोली रोज एका फरशीनं लांब होते. फरशी एक फुटाची, शहाबादी, एका कोपऱ्याला टवका उडालेली. सकाळी दहाच्या सुमारास ती उंबरठ्याच्या आतल्या बाजूला येते. ती आली की उंबरठा, दार, दाराशेजारचं चौगुल्यांचं टेबल आणि टेबलामागचे चौगुले, असे सगळे एक फूट पलीकडे सरकतात. माझं टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, ते सरकत नाही. जानेवारीत चौगुले माझ्यापासून दहा फुटांवर बसायचे. आता ते अडीचशे फुटांवर बसतात आणि आम्ही फोनवर बोलतो.

लांब होते तशी खोली अरुंदही होते. कणकेचा गोळा तेवढाच असतो, लांब वळत गेलं की बारीक होत जातो, त्यातलाच प्रकार. जानेवारीत रुंदी बारा फूट होती. आज सकाळी टेप लावला तर नऊ इंच भरली. माझं टेबल आता भिंतीवरच्या फळीएवढं आहे. कीबोर्डची सगळी बटणं एका ओळीत आली आहेत आणि शेवटचं अक्षर हवं असलं की मला हात पूर्ण लांब करावा लागतो. मी मात्र आहे तेवढीच आहे. मला कुणी प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नाही.

मी वृंदा. मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत, दस्तगीरचाचांच्या कारखान्यावरच्या माडीवर आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे मी, बाहुबली चौगुले आणि जानेवारीपर्यंत माझा धाकटा भाऊ मकरंद, म्हणजे मकू. आम्ही आवाजाची लायब्ररी करतो. कुणाला आपल्या प्रोग्रॅममध्ये सूर हवा असतो, कुणाला घुमारा, कुणाला विझत जाणारी तार. त्याचे सुटे भाग आम्ही तयार करून ठेवतो आणि लोक ते उचलून आपापल्या कामात बसवतात. त्यातला सगळ्यांत खपणारा भाग म्हणजे न संपणारा तंबोरा. गाणं शिकणारे अकराशे लोक आमच्या तंबोऱ्यावर रियाझ करतात.

तंबोरा मकूनं लिहिला. ज्या भाषेत लिहिला ती त्याच्यावरच गेलेली होती. मागितल्याशिवाय काही करायचं नाही, हा तिचा मूळ स्वभाव. न संपणारा तंबोरा कर म्हटलं तर ती लगेच हो म्हणते, कारण तिनं अजून काहीच केलेलं नसतं. कुणी कान लावला की तेवढा तुकडा करून देते, पुढचं पुढे. लग्नघरात असे एक काका असतातच. मकूला तसं म्हटलं की तो हसायचा आणि म्हणायचा, ताई, काकांशिवाय लग्न लागलेलं बघितलंयस का कधी.

त्या भाषेत एका प्रश्नाला एकच उत्तर असतं. आज विचारा, उद्या विचारा, कुणीही कुणालाही विचारा, उत्तर तेच. लायब्ररी चालू झाली त्या आठवड्यापासून हे ऑफिसातही लागू झालं. मी चौगुल्यांना 'जेवलात का?' असं विचारलं होतं आणि ते 'आत्ताच. भेंडी होती,' म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला विचारलं तरी तेच म्हणाले. एकदा ते कुंभोजला लग्नाला गेले होते आणि पोस्टमननं सहज मला विचारलं, जेवलात का. मी तोंड उघडायच्या आत चौगुल्यांच्या रिकाम्या खुर्चीतून उत्तर आलं, "आत्ताच. भेंडी होती." पोस्टमन पत्रं ठेवून गेला. तेव्हापासून आम्ही प्रश्न जपून विचारतो, शब्द बदलून विचारतो.

लायब्ररीतला आवाज आत ऐकू येत नाही. आत तो फक्त असतो. ऐकायचा असेल तर उंबरठ्यावर जायचं, दाराच्या खिळ्याला हेडफोन टांगलेला आहे, तो कानाला लावायचा. आठ महिने हा तंबोरा माझ्या उशाशी असल्यासारखा चालू आहे आणि माझ्या टेबलापाशी पंख्याशिवाय दुसरा आवाज नाही.

जानेवारीच्या आधीही फरशी रोज येत होतीच. पण संध्याकाळी गोदाक्का यायच्या आणि ती झाडून न्यायच्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गोदाक्का या भाषेबरोबरच आल्या. कुणी नेमल्या, पगार कोण देतं, ते चौगुल्यांनाही माहीत नाही. वाजून गेलेलं, कुणाला नको असलेलं, त्या झाडतात. त्यांनी झाडलेली फरशी राहत नाही आणि तिच्यावर जे असेल तेही राहत नाही. एकदा चौगुल्यांची चप्पल तशी गेली. चौगुल्यांनी कुरकुर केली नाही, नवी घेतली. गोदाक्कांचा नियम एकच आहे. ज्याला कुणी धरलेलं आहे त्याला त्या हात लावत नाहीत.

मी तंबोऱ्याची सुरुवात धरलेली आहे.

ती धरायची नसते. पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांनाही हे शिकवतात. न संपणाऱ्या गोष्टीची सुरुवात कधी धरून ठेवायची नाही, कारण सूत एकच असतं. टोक धरलं की त्याच्यामागून येणारं सगळं धरलं जातं आणि काहीच झाडता येत नाही. मी बावीस वर्षं हे काम करते. दुसऱ्यांच्या कामात ही चूक मी लांबूनच ओळखते आणि त्यांना फैलावर घेते. आणि तरी मी ती केली, ठरवून केली.

त्याचं कारण असं. तंबोरा ध्वनिमुद्रित करायचा होता त्या दुपारी मकू दाराशी बसला होता, मी माझ्या टेबलाशी. दस्तगीरचाचांनी जवारी लावून दिली होती, म्हणजे तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत आवाज नेमका उघडतो त्या जागी आणून ठेवला होता. मकू डावा खांदा उतरता ठेवून बसला होता. लहानपणापासून तंबोरे वाहून त्याचा तो खांदा तसाच राहिला होता. मी विचारलं, झालं का? तो म्हणाला, हं. आणि त्यानं पहिली तार छेडली. माझा प्रश्न ध्वनिमुद्रणात आला नाही. त्याचं 'हं' आलं. ते तंबोऱ्याच्या अगदी सुरुवातीला आहे. नंतर कापू म्हणून राहून गेलं.

तीन आठवड्यांनी तापाचं निमित्त झालं आणि मकू गेला. फोटो पुष्कळ आहेत. पण त्याला फोनवर बोलायचा कंटाळा, सगळं टाइप करून पाठवायचा. शोधशोध शोधलं तेव्हा लक्षात आलं, की त्याचा आवाज म्हणून जगात एवढं 'हं' आहे. ते अजून कुणी मागितलं नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी गोदाक्का ते झाडणार होत्या. मी धावत गेले आणि सुरुवातीला नाव दिलं. या भाषेत नाव देणं म्हणजेच धरणं. सुरुवात म्हणजे पांढऱ्या सुताचं एक टोक आहे. ते मी माझ्या टेबलाच्या खिळ्याला बांधलं आणि वर चिठ्ठी लावली, 'मकू'. तिथून ते सूत भिंतीच्या कडेनं खोलीभर जातं आणि दाराशी हेडफोनमध्ये शिरतं.

सुतातलं ते 'हं' मी अजून ऐकलेलं नाही. हे लोकांना पटत नाही, पण सांगते. जोवर मी मागत नाही, तोवर भाषेनं ते केलेलं नाही. ते अजून व्हायचं आहे. मकूचं अजून काहीतरी व्हायचं आहे, या एका गोष्टीवर मी आठ महिने जेवले आणि झोपले. एकदा ऐकलं की ते पाऊण सेकंदाचं होईल आणि कायमचं तेवढंच राहील.

सुरुवातीला कुणी काही म्हणालं नाही. एप्रिलमध्ये चहा माझ्यापर्यंत येईस्तोवर निवायला लागला. जूनमध्ये मी पंख्याखाली उभी राहून बघितलं तर त्याची पाती घडी घातल्यासारखी वर वळली होती आणि पंखा तसाच फिरत होता. गोदाक्का रोज संध्याकाळी उंबरठ्यावर येऊन उभ्या राहायच्या. त्यांनाही प्रश्नांचं ते माहीत होतं, म्हणून रोज नव्या शब्दांत विचारायच्या. आज सोडताय का. काढू का आता. न्हेऊ का घरी जाताना. मी नाही म्हणायचे. त्या झाडू भिंतीला लावून निघून जायच्या.

गेल्या आठवड्यात दस्तगीरचाचा वर आले. ते दाराशीच थांबले, कारण त्यांचं पोट दारातून आत येत नव्हतं. मी आडवी होऊन, पाठ एका भिंतीला आणि नाक दुसऱ्या भिंतीला लावून, त्यांच्याकडे गेले. त्यांच्या हातात भोपळा होता. तंबोऱ्याचा भोपळा गोल असतो, दोन्ही हातांच्या कवेत येईल एवढा. हा हातभर लांब होता आणि मनगटाएवढा जाड.

"ताई, खाली सगळ्या भोपळ्यांचं पडवळ व्हायलंय," ते म्हणाले. "वरची खोली जशी जाईल तशी खालची जातीय. सात तंबोरे सांगितलेत लोकांनी. यात आवाज कुठं ठेवू मी?"

मी म्हटलं, चाचा, मकूचं आहे ते.

ते बराच वेळ भोपळ्यावरून हात फिरवत राहिले. मकूला पहिली जवारी त्यांनीच शिकवली होती, दहा वर्षांचा असताना. मग म्हणाले, "सूत फार वेळ एका जागी ठेवलं तर तारच बसती बघा. सरकवत राहायला लागतं." आणि पडवळासारखा तो भोपळा दाराशी ठेवून जिना उतरून गेले.

मला लाज वाटली. त्या दिवशी मी नीट काम केलं, असं मला वाटलं. पहिलं एक सेकंद कापून वेगळं ठेव आणि बाकीचं सोड, अशी ओळ मी लिहिली. भाषा हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फरशी आलीच. मी सूत तपासलं तर ते अखंड होतं. भाषेनं कापायचं वचन लिहून ठेवलं होतं, कापलं नव्हतं. कापलेला तुकडा कुणी ऐकायला मागेल तेव्हा कापू, असा तिचा हिशोब. आणि वचन पुरं करायला लागेल म्हणून तिनंही आपल्या बाजूनं सगळं सूत धरून ठेवलं होतं. आता त्याला धरणाऱ्या आम्ही दोघी होतो.

आज सकाळी आत शिरताना माझ्या कानातली एक कुडी भिंतीला अडकून तुटली. टेबलापाशी पोचायला चाळीस मिनिटं लागली. पोचले आणि फोन वाजला.

"चौगुले बोलतोय," ते म्हणाले. पलीकडे, दाराच्या उजेडात, ते मला आगकाडीएवढे दिसत होते.

"बोला."

"उद्या तुम्ही आत मावणार नाही. मी मापलंय. दहा वाजता रुंदी अजून थोडी कमी होईल."

"मग तंबोरा बंद करा."

"बंद करायचं मकरंदनं लिहिलेलंच नाही," चौगुले म्हणाले. "न संपणारा म्हणून लिहिलाय. अकराशे लोक आत्ता गातायत. तुम्ही ते टोक घेऊन इकडे या, ताई. दहाच्या आत. ऐका, म्हणजे ते कापलं जाईल. तुकडा तुम्हाला राहील."

मी घड्याळ बघितलं. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. मला रडू आलं, पण नऊ इंचांत रडायला डोकं खाली करता येत नाही, त्यामुळे ते गालावरून सरळ भिंतीला लागलं. मी खिळ्याची गाठ सोडली. टोक उजव्या मुठीत धरलं. चिठ्ठी तोंडात धरली, कारण दुसरा हात भिंतीला लावायला हवा होता.

निघाले. आडवं चालायचं म्हणजे एक पाय सरकवायचा आणि दुसरा त्याच्याशी नेऊन ठेवायचा. श्वास सोडला की पुढे, घेतला की थांबायचं. फरशा मोजल्या नाहीत तरी कळत होत्या, कारण प्रत्येकीच्या त्याच कोपऱ्याला टवका होता. एके ठिकाणी भिंतीला लावलेलं मार्चचं कॅलेंडर माझ्या छातीवरून घासत गेलं. मुठीतलं सूत ओढ देत नव्हतं, ते सैल होतं, आणि मला वाटत होतं की मी कुणाला तरी बोटाला धरून शाळेत पोचवायला चाललेय. तसं मी त्याला पोचवायची. त्याला शाळा आवडायची नाही आणि दर कोपऱ्यावर तो हात सोडवून घ्यायला बघायचा.

दहाला सात मिनिटं असताना मी दाराशी पोचले. चौगुल्यांनी माझा हात धरून मला उंबरठ्यावर ओढलं. गोदाक्का तिथं आधीच उभ्या होत्या. त्या संध्याकाळी येतात. आज सकाळी का आल्या ते मी विचारलं नाही. त्यांनी झाडू छातीशी धरला होता.

चौगुल्यांनी हेडफोन काढून माझ्या कानांवर बसवला. मी टोक त्याला लावलं. काही आलं नाही. ना तंबोरा, ना 'हं'.

"मागायला लागेल," चौगुले म्हणाले.

मला ते माहीत होतं. ते उत्तर होतं, आणि उत्तराला त्याचा प्रश्न लागतो. तो प्रश्न मी आठ महिन्यांत एकदाही उच्चारला नव्हता, घरी नाही, बाजारात नाही, दूधवाल्यालाही नाही. मी तोंडातली चिठ्ठी काढून खिशात ठेवली आणि आत बघून, त्या दुपारच्या आवाजात, विचारलं.

"झालं का?"

"हं."

ते हेडफोनमधून आलं नाही. ते खोलीच्या आतून आलं, दुसऱ्या टोकाकडून, माझ्या टेबलापासून. थोडं नाकातलं होतं. तो कामात असला की तसंच म्हणायचा, मान वर न करता. ते पाऊण सेकंदाचंच होतं आणि मला पुरलं नाही.

माझ्या मुठीत सूत तुटलं. कापायचं वचन भाषेनं पाळलं होतं. बोटभर तुकडा माझ्याकडे राहिला. बाकीचं जमिनीवर पडलं आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून राहिलं. आता ते कुणी धरलेलं नव्हतं. चौगुल्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि खाली दस्तगीरचाचांना सांगायला ते जिन्याकडे वळले.

मी आतच बघत होते. माझ्या टेबलापाशी, जिथून मी आत्ता आले होते आणि जिथं मी निघाले तेव्हा कुणी नव्हतं, तिथं कुणीतरी होतं. पाठ भिंतीला लावून, आडवं होऊन, ते माझ्याकडे यायला लागलं. एक पाय सरकवायचा, दुसरा त्याच्याशी आणायचा. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. डावा खांदा उतरता होता, तेवढं दिसलं.

त्याला वेळ लागणार होता. मला पाऊण तास लागला होता. मला फक्त एवढंच करायचं होतं, की गोदाक्कांना सांगायचं, आज थांबा. मी त्यांच्याकडे वळले. त्या माझ्या मोकळ्या बोटांकडे आणि जमिनीवरच्या सुताकडे बघत होत्या. आठ महिने त्यांनी रोज वेगळ्या शब्दांत विचारलं होतं आणि शब्द आता संपत आले असावेत. त्यांनी प्रेमानंच विचारलं.

"झालं का, ताई?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"हं," आतून उत्तर आलं. तेच, तेवढंच, मान वर न करता.

गोदाक्कांनी मान हलवली आणि कमरेत वाकून उंबरठ्यालगतची फरशी झाडली. फरशी गेली, तिच्यावरचं सूतही गेलं. दार एक फूट आत सरकलं आणि आम्ही दाराबरोबर सरकलो. त्यांनी दुसरी झाडली, तिसरी झाडली. मी त्यांचा हात धरायला गेले, पण तो मला धरता येण्यासारखा नव्हता. फरशा जात होत्या तशी खोली रुंद होत होती, बोटभर, दोन बोटं, चार बोटं. आतल्या माणसाला ते कळलं असावं. त्यानं भिंतीची पाठ सोडली, सरळ झाला आणि आता नीट चालत, भराभर, आमच्या दिशेनं यायला लागला.